चर्चा: ल फाँतास्क वर्गाच्या विनाशिका म्हणजे नुसता वेगाचा बडेजाव होता का?

दर्यावर्दी
काल इथे एकाने ठोकून दिलं की ल फाँतास्क वर्गाच्या सहा फ्रेंच विनाशिका ४५ नॉट्सची (तासाला ४५ सागरी मैल) फुशारकी मारत बंदरातच बुडाल्या, शत्रूचं एक जहाजसुद्धा त्यांच्या नावावर नाही. वाचून राहवलं नाही.

सहांचा हिशोब घ्या. लोदासियोला २३ सप्टेंबर १९४० रोजी डाकारसमोर दोस्तांच्या 'ऑस्ट्रेलिया' क्रूझरच्या ८ इंची तोफांनी पेटवलं (ही जहाजं तेव्हा जर्मनीशी तह केलेल्या व्हिशी सरकारकडे होती). ८१ माणसं गेली, जहाज रुफिस्कच्या किनाऱ्यावर चढवावं लागलं. पुढे तिला ट्युनिशियातल्या बिझर्तला ओढून नेलं आणि १९४३ मध्ये तिथेच ती संपली. लँदोम्ताब्ल २७ नोव्हेंबर १९४२ रोजी दक्षिण फ्रान्सच्या तुलाँ बंदरात फ्रेंचांनी स्वतःच बुडवली. ल फाँतास्क, ल तेरिब्ल, ल मालँ आणि ल त्रियोंफाँ या चार युद्ध संपलं तेव्हा पाण्यावर होत्या. सहांतल्या चार. मग 'सगळ्या बुडाल्या' कुठून आलं?

खारा वारा
हिशोब बरोबर आहे, पण वेगाचं काय? ल तेरिब्लने १९३५ मध्ये ४५.०२ नॉट्स काढले ते चाचणीत: जहाज हलकं, यंत्रं ठरल्यापेक्षा जास्त रेटलेली. रचनेचा वेग ३७, ताकद ७४,००० अश्वशक्ती. त्याआधी इटलीच्या बार्बियानो क्रूझरनेही असेच ४२ काढून दाखवले होते. लढाईत दोन्ही आकड्यांचा उपयोग शून्य.

आणि या शर्यतीपायी बाकीचं राहिलं. पाच मुख्य तोफा १३८.६ मिमीच्या, पण ३० अंशांपेक्षा वर उचलत नाहीत. सूर मारणाऱ्या विमानापुढे त्या असून नसल्यासारख्या. उरल्या मोजक्या ३७ मिमी आणि १३.२ मिमीच्या मशीनगन. १९४० च्या समुद्रावर एवढ्यावर कोण टिकणार?

तोफखाना
तोफांबद्दल अर्धवट लिहू नका. गोळा ४० किलोच्या आसपासचा, पल्ला २० किलोमीटर. त्या काळच्या बहुतेक विनाशिका याच्या जवळपासही नव्हत्या. तीन-तीन जहाजांच्या तुकड्या एकाच लक्ष्यावर मारा करायच्या. प्रत्येक जहाजाच्या गोळ्यांत वेगळा रंग भरलेला, म्हणजे पाण्याचा खांब कुणाच्या गोळ्याने उडाला ते लगेच दिसायचं आणि ज्याने त्याने आपापला नेम सुधारायचा. यामागे विचार होता, बडेजाव नव्हे.

खरा दोष भरण्याचा. कागदावर मिनिटाला १२ ते १५ गोळे. तोफांच्या ढाली मागून उघड्या, डेक डोलतोय, तेवढ्या वजनाचा गोळा माणसं हाताळताहेत. जवळ मांडून ठेवलेला साठा संपला की सगळं खालून येणाऱ्या पुरवठ्यावर. तिथे गती उतरते.

नांगर
तोफा आणि नॉट्स राहू द्या. लँदोम्ताब्ल एका वाक्यात उडवलीत याचा मला राग आहे. ८ नोव्हेंबरला दोस्तांनी उत्तर आफ्रिकेत पाय ठेवला. जर्मन तुलाँत शिरले २७ ला. मध्ये जवळजवळ तीन आठवडे होते! तुलाँच्या आरमाराचे प्रमुख ॲडमिरल द लाबोर्द यांनी तेव्हाच आरमार बाहेर काढायला हवं होतं. बुडवणं म्हणजे शौर्य, हे मला कधीच पटणार नाही.

दर्यावर्दी
२७ च्या पहाटे जर्मन विमानं बंदराच्या तोंडाशी सुरुंग टाकत होती. बाहेर पडायला निघाल्या त्या पाच पाणबुड्या. त्यांतल्या कासाबियांका, मार्सुवाँ आणि ग्लोरियो या तीनच अल्जीरियाला पोचल्या. मोठी जहाजं त्या चिंचोळ्या वाटेने कशी काढणार होतात?

नांगर
मी २७ चं बोलतच नाहीये! ११ तारखेला ॲडमिरल दार्लाँ यांनी उत्तर आफ्रिकेतून बोलावलं होतं, तेव्हा का नाही निघाले? बुडवायचं तरी नीट बुडवायचं. तिग्र आणि पांतेर या विनाशिका जवळजवळ धडधाकट इटालियनांच्या हाती पडल्या. याला काय म्हणायचं?

तोफखाना
नांगर, आवाज खाली. धक्क्याला लागलेलं जहाज बुडवायला नुसत्या झडपा उघडून चालत नाही. पाणी उथळ, जहाज तळाला टेकतं आणि वरचा भाग कोरडा राहतो. स्ट्रासबुर्ग ही युद्धनौका तशीच सरळ बसली होती. म्हणून तोफांच्या नळ्यांत, टर्बाइनवर, गिअरवर स्फोटकं लावायची. हे करायला जहाजावर माणसं लागतात, वेळ लागतो. जिथे ही दोन्ही नव्हती तिथे जहाज हातचं गेलं.

नांगर
स्फोटकांचं पटलं. त्या तीन आठवड्यांबद्दल माफ करणार नाही.

दर्यावर्दी
आता मूळ मुद्दा. 'एक जहाज नाही' म्हणणाऱ्यांनी २९ फेब्रुवारी १९४४ ची रात्र वाचावी. ल तेरिब्ल आणि ल मालँ एड्रियाटिकमध्ये इस्त बेटाजवळ जर्मन ताफ्यावर तुटून पडल्या. मालवाहू कापिटेन डीडरिक्सेन पेटली आणि बुडाली, सोबतची पाणबुडीविरोधी नौका यूजे-२०१ टॉर्पेडोने गेली, टॉर्पेडो नौका टीए-३७ जायबंदी झाली. वेगाचा खरा उपयोग इथे. अंधार पडल्यावर उत्तरेकडे धावायचं, मारायचं आणि उजाडून विमानं येण्याआधी घरी. तासाला ३० सागरी मैल म्हटले तर चार तासांत १२० मैल आत. २० नॉट्सवाल्याला एवढं अंतर कापायला सहा तास, परतायला पुन्हा सहा. रात्र पुरतच नाही.

खारा वारा
हे मानतो, पण तुमच्या १९३५ च्या जहाजाला याचं श्रेय देणार नाही. १९४३ मध्ये बोस्टनला जाऊन आल्यावरची ही करामत. तिथे रडार बसलं, ४० मिमीच्या ८ बोफर्स आणि २० मिमीच्या ऑर्लिकन आल्या, टॉर्पेडो नळ्या ९ वरून ६ केल्या. त्याआधी काय? कासाब्लांकाच्या बंदरात ल मालँ 'मॅसॅच्युसेट्स' या अमेरिकन युद्धनौकेचा १६ इंची गोळा खाऊन बसली होती.

दर्यावर्दी
रडार अमेरिकेचं, सांगाडा आणि यंत्रं फ्रेंचच. आणि बोस्टनआधीचंही सांगतो. ३ जुलै १९४० ला अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबीरमधून, ब्रिटिशांच्या माऱ्यातून, स्ट्रासबुर्गबरोबर ल तेरिब्ल निसटली. ११ सप्टेंबरला तीन क्रूझर आणि यांतल्याच तीन विनाशिका जिब्राल्टरमधून वेगात निघून गेल्या. फेब्रुवारी १९४२ मध्ये नाउरूची माणसं ल त्रियोंफाँने बाहेर काढली.

खारा वारा
तीच ल त्रियोंफाँ डिसेंबर १९४३ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात यंत्रं बंद पडून लोळत होती. सीडर मिल्स या अमेरिकन टँकरने ओढलं म्हणून वाचली. लांब, अरुंद, हलका सांगाडा खवळलेल्या समुद्रात काय भोगतो ते तिथे दिसलं.

तोफखाना
वादळापुरतं खारा वारा यांचं धरा. पण सहा सारख्या बहिणी बांधण्याचा फायदाही नोंदवा. २५ डिसेंबर १९४४ ला नेपल्सजवळ ल मालँ आणि ल तेरिब्ल एकमेकींवर आदळल्या, ल मालँची नाळच (जहाजाचं पुढचं टोक) गेली. नवी बांधत बसले नाहीत. तुलाँच्या लँदोम्ताब्लची नाळ कापून तिला जोडली. वर्ग एकच, म्हणून मापं जुळली.

नांगर
म्हणजे तीन आठवडे आधी निघाली असती तर अख्खी लँदोम्ताब्ल मिळाली असती. माझा मुद्दा तोच आहे.