सीएनसी राउटरवर (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) लाकडात कोरलेल्या पानांच्या कडांना करवतीसारखे दाते येतात त्याबद्दल

बिट (कापणारं पातं) बदलूनही कडा दातेरी येत असतील तर दोष बहुधा बिटचा नाही, बॅकलॅशचा आहे, म्हणजे दिशा बदलताना अक्षात राहणाऱ्या ढिलाईचा. जाताना आणि येताना रेघ थोडी सरकते, म्हणून एकाआड एक ओळ पुढे-मागे दिसते. स्पिंडलला (बिट फिरवणाऱ्या मोटरला) डायल गेज, म्हणजे बारीक सरक मोजणारं काट्याचं घड्याळ, टेकवा, अक्ष १ मिमी उजवीकडे नेऊन शून्य करा, आणखी १ मिमी पुढे नेऊन तेवढाच मागे आणा. काटा शून्यावर आला नाही, तर जो फरक राहिला तोच बॅकलॅश. आधी कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचे) ग्रब स्क्रू बघा, बऱ्याचदा तेच ढिले असतात. मग रॅकवरचा (दातेरी पट्टीवरचा) पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. सॉफ्टवेअरमधल्या भरपाईच्या भरवशावर राहू नका. दुरुस्ती होईतोवर फिनिशिंग (शेवटचा बारीक कट) एकाच दिशेने कापा. वेळ बराच जास्त लागेल, पण दाते जातील.

३ मिमी टोकाच्या बॉलनोजला (गोल टोकाच्या बिटला) ०.३ मिमी स्टेपओव्हर, म्हणजे दोन ओळींतलं अंतर, द्या. ०.६ केलं तर रेघांची उंची दुप्पट नाही, चौपट होते, आणि पॉलिश पेपर घासून हात भरून येतात ते वेगळंच.

दुसरं म्हणजे सागवान. आपल्याकडे जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात एकाच बाजूने खोल कोरलेली फळी हमखास वाकते. ६ मिमी एंडमिलने (सपाट टोकाच्या बिटने) रफिंग, म्हणजे आधीचा जाडसर कट, करा, ०.५ मिमी माल ठेवा, फळी दोन दिवस उभी ठेवून मग फिनिश घ्या. फळी चौकटीच्या ज्या खाचेत बसते तिथे फेव्हिकॉल नको. रुंदीत दोन्हीकडे २-३ मिमी मोकळं सोडा, पावसाळ्यात फळी फुगतेच.