मदत हवी आहे: आई-बाबा जपानला निघालेत, कोणती कार्डं द्यावीत?

नमस्कार मंडळी,

एप्रिलमध्ये आई-बाबा दोघंच टोकियो आणि क्योटोला जाणार आहेत. टूर कंपनी नाही, सगळं बुकिंग मीच केलंय. तब्येती ठणठणीत आहेत, काळजी आहे ती पैशांची. बाबांकडे एकच डेबिट कार्ड, आणि ज्या खात्याचं ते आहे त्याच खात्यात पेन्शन येते, ग्रॅच्युइटीची रक्कमही तिथेच आहे. हे कार्ड देशाबाहेर जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. बाबा म्हणतात, इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही.

मी ठरवलंय ते असं: फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन, इथे येन, भरून ठेवलेलं कार्ड) बाबांच्या पाकिटात, माझ्या क्रेडिट कार्डाचं अ‍ॅड-ऑन म्हणजे जोडकार्ड आईच्या पर्समध्ये. क्रेडिट कार्डावर साधारण साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं जादा शुल्क) आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून ते फक्त हॉटेल आणि अडीअडचणीसाठी. त्यावर एटीएममधून रोख काढायची नाही, पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. रोख लागली तर सेव्हन-इलेव्हनमधल्या सेव्हन बँकेच्या एटीएममधून फॉरेक्स कार्डाने काढायची, तिथे परदेशी कार्डं चालतात. मशीनने किंवा दुकानदाराने 'रुपयांत की येनमध्ये' असं विचारलं तर येनच म्हणायचं, हे दोघांकडून पाठ करून घेतलंय. रुपये निवडले की दर त्यांच्या मनाचा लागतो.

परदेशी वापर बँकेच्या अ‍ॅपमधून आपल्यालाच चालू करावा लागतो, २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. मी एटीएम आणि दुकानातला वापर तेवढा चालू करणार, ऑनलाइन बंदच. बाहेरच्या बऱ्याच वेबसाइट ओटीपी मागत नाहीत. कार्ड नंबर आणि सीव्हीव्ही (कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक) मिळाला की चोराचं काम झालं.

आता खरी अडचण. बाबा पिनची चिठ्ठी कार्डाच्या कव्हरमध्येच ठेवतात! रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार कार्डावर फसवणूक झाली, चूक आपली किंवा बँकेची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण निष्काळजीपणा आपला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. चिठ्ठी सापडली तर बँक बोट तिच्याकडेच दाखवणार. तुमच्या घरच्या ज्येष्ठांना पिन लक्षात ठेवायची कोणती युक्ती चालली?

दुसरं, फोनमध्ये भारतातलं सिम एसएमएससाठी आणि नेटसाठी तिथलं ई-सिम (फोनमध्येच डाउनलोड होणारं सिम), असं कुणी जपानमध्ये वापरलंय का? बँकेचे मेसेज वेळेवर आले का? आपण न केलेला व्यवहार झाल्याचं तासाभरात कळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि कार्ड हरवलंच तर? १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून सहसा लागत नाहीत, म्हणून बँकेचा बाहेरून लागणारा नंबर दोघांच्या डायरीत लिहून देणार आहे. पण तिथे मध्यरात्र असेल, बाबा गोंधळले असतील, तर पुण्यातून मी फोन करून त्यांचं फॉरेक्स कार्ड बंद करू शकते का? की बँक खातेदाराशीच बोलायचा हट्ट धरते? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. निघायला वेळ आहे, कार्डं बदलायची असतील तर तेही सांगा.