त्रिग्लाव्ह (२,८६४ मीटर): उत्तर कडा की पायवाट?

प्रश्न
स्लोव्हेनियातील ज्युलियन आल्प्समधील त्रिग्लाव्ह या चुनखडकाच्या शिखरावर उन्हाळ्यात चढाई करण्याचा आम्हा दोघांचा विचार आहे. प्रस्तरारोहणाचा अनुभव आहे, मात्र तो सगळा बेसॉल्टवरचा. उत्तर कड्यावरील ‘स्लोव्हेन्स्का स्मेर’ हा मार्ग सोपा समजला जातो, तर तो थेट निवडावा का?

उत्तर १
श्रेणीच्या दृष्टीने तो सोपा आहे, कारण बहुतेक चढाई दुसऱ्या-तिसऱ्या, म्हणजे कमी अवघड श्रेणीची आहे. पण हा कडा सुमारे तीन किलोमीटर रुंद आणि हजार मीटरच्या आसपास उंच असल्याने खरी कसोटी वाट शोधण्याची असते. चुनखडकाच्या कपारींवर सुटे दगड साचलेले असतात आणि वरच्या आरोहकांकडून सुटलेला दगड खालच्यांवर येतो. त्याच कड्यावरचा ‘चोपोव्ह स्टेबर’ हा स्तंभ १९४५ मध्ये योझा चोप आणि पाव्ला येसिह यांनी सर केला, तेव्हा येसिह वरच्या भागात अडकल्या आणि चोप यांनी एकट्याने बाहेर पडून मदत आणली. त्या वाटेचा विचार सध्या नकोच.

उत्तर २
माझ्या मते आधी व्राता खोऱ्यातून ‘प्राग’ वाटेने जावे. अवघड टप्प्यांवर पोलादी दोर आणि खुंट्या आहेत, तरी व्हाया फेराटाचा संच (कमरेच्या पट्ट्याला बांधून पोलादी दोरात अडकवायचे पट्टे व कड्या) आणि शिरस्त्राण हवेच. लुक्न्या खिंडीवरून जाणारी वाट अधिक उघडी (बाजूला खोल दरी असलेली) व कठीण आहे, तर क्रमा खोऱ्यातली सर्वांत लांब पण सर्वांत सौम्य. क्रेदारित्सा येथील निवारा २,५१५ मीटरवर आहे. तिथून माली त्रिग्लाव्ह या धाकट्या शिखरामार्गे जाणाऱ्या अरुंद धारेवरही दोर लावलेले आहेत, मात्र गर्दीत तिथे बराच वेळ थांबावे लागते. वर १८९५ मध्ये याकोब आल्याझ यांनी उभारलेला धातूचा लहानसा मनोरा आहे. गडगडाट ऐकू येताच माथा आणि पोलादी दोर, दोन्हींपासून दूर व्हावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग प्रागचीच वाट धरतो. वाटेत पाणी मिळते का?

उत्तर २
भरवसा ठेवू नका. पावसाचे पाणी चुनखडकाच्या भेगांतून थेट आत मुरते, त्यामुळे वरच्या भागात झरे जवळजवळ नसतात. पाणी खालूनच भरून घ्यावे. निवाऱ्यात बाटलीबंद पाणी विकत मिळते, पण ते महाग असते.