टेरिअर बिळात सोडायला मुलाने शिकावं का?

डेव्हनकर_आई: शेजारचे गेमकीपर (शिकारीसाठी पक्षी पाळून राखणारे रखवालदार) आपले फेझंट पक्षी वाचवायला कोल्ह्याच्या बिळात टेरिअर, म्हणजे बिळात शिरणारे छोटे शिकारी कुत्रे, सोडतात. माझा सोळा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर जायचं म्हणतोय. जाऊ देऊ का?

कुदळवाला: ताई, श्रॉपशरमध्ये अकरा हंगाम मी हेच काम केलंय. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने बिळात एकच कुत्रा सोडता येतो, तोही शिकारीसाठी राखलेल्या पक्ष्यांचं गंभीर नुकसान टाळायला. जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात हवी. कोल्हा बाहेर काढायचा आणि लगेच नेमकी गोळी घालायची. आत झुंज लावणं हा गुन्हाच.

मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पहिलं वर्षभर कुत्रा हातात दिलाच नाही. फक्त बिळं ओळखायला लावली. बॅजर या संरक्षित प्राण्याचं बीळ असेल तर मागे फिरायचं. माझी कुत्री एकदा चार फुटांवर अडकली. लोकेटर कॉलर (कुत्रा जमिनीखाली कुठे आहे ते कळवणारा पट्टा) होती म्हणून तासाभरात उकरून काढली. कॉलरशिवाय कुत्रा सोडणाऱ्याबरोबर मुलाला मुळीच पाठवू नका. आणि मार्च-एप्रिलमध्ये तर नकोच, आत पिल्लं असतात. मादी मेली की ती उपाशी मरतात. एका वसंतात मी त्यांचं रडणं ऐकलंय, अजून विसरलो नाही.

एडिनबर्गवासी: स्कॉटलंडनेही २०२३ च्या कायद्यात कोल्ह्यासाठी बिळात एक कुत्रा सोडायची मुभा ठेवली. माझ्या मते तेही बंद व्हायला हवं. कुत्र्याला कोण विचारतं?

कुदळवाला: तुमचं म्हणणं मला पटतं, म्हणूनच मी आता आधी कुंपण आणि विजेची तार सुचवतो. ताई, त्या गेमकीपरना एवढंच विचारा: गेल्या हंगामात किती वेळा कुत्रा न सोडता परत आलात?