लेप्टोच्या जुन्या संगणकीय नोंदी अभ्यासासाठी कितपत ग्राह्य धराव्यात?

भातखाचर (प्रश्न):
नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका रुग्णालयात काम करतो. लावणीच्या हंगामात येणारे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापाचे) रुग्ण ताप सुरू झाल्यापासून किती दिवसांनी दाखल होतात आणि त्या विलंबाचा मूत्रपिंडांवर काय परिणाम दिसतो, याचा अभ्यास रुग्णालयातील संगणकीय नोंदींवरून करण्याचा विचार आहे. परंतु अनेकांची जन्मतारीख १ जानेवारी आहे, प्लेटलेटच्या रकान्यात कुठे ०.९, कुठे ९० तर कुठे ९०००० असे आकडे आहेत, आणि ए२७.९ हा लेप्टोचा आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील क्रमांक) लावलेल्या बऱ्याच रुग्णांचा आयजीएम या रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आहे किंवा मुळात उपलब्धच नाही. अशा नोंदी सरळ वगळाव्यात का?

खाडीपलीकडे:
कृपया वगळू नका. आयजीएम प्रतिपिंडे रक्तात सापडण्याइतकी वाढायला ताप आल्यापासून साधारण पाच ते सात दिवस लागतात; त्यामुळे जो रुग्ण दुसऱ्याच दिवशी आला, त्याचा अहवाल लेप्टो असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. निगेटिव्ह नोंदी गाळल्या, तर नेमके लवकर आलेले रुग्ण गळतील आणि ज्या विलंबाचा अभ्यास आपणास करायचा आहे, त्याचेच चित्र बिघडेल. दुसरे असे की, कोड बहुधा दाखल करतानाच्या संशयावरून, पुष्कळदा विम्याच्या दाव्यासाठी लावला जातो आणि पुढे निदान डेंग्यू किंवा स्क्रब टायफस ठरले तरी तो बदलायला कोणी जात नाही. म्हणून डिस्चार्ज कार्ड वाचून संशयित, संभाव्य आणि निश्चित असा वेगळा रकाना आपणच तयार करावा. उलट बाजूने, आर५०.९, म्हणजे कारण न नोंदवलेला ताप, या कोडखाली दडलेले लेप्टोचे रुग्ण प्रयोगशाळेच्या नोंदवहीतून शोधावे लागतील. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय दिसत नाही.

नोंदणीखिडकी:
प्लेटलेटचा प्रश्न तुलनेने सोपा आहे: ०.९ हे लाखांत, ९० हे हजारांत आणि ९०००० हा पूर्ण आकडा आहे. मात्र नुसता २ आढळला, तर तो दोन लाख की दोन हजार हे मूळ अहवालाशिवाय ठरवू नये.

मला अधिक काळजी तारखांची वाटते. पावसात वीज किंवा नेटवर्क गेले की नोंदी कागदावर होतात आणि मग सगळे केसपेपर एका बैठकीत संगणकावर चढवले जातात. तेव्हा संगणक जी वेळ आपोआप टिपतो, ती टंकलेखनाची असते, रुग्ण आल्याची नव्हे. लक्षणे सुरू झाल्याच्या रकान्यात तर काही ठिकाणी दाखल झाल्याचीच तारीख भरलेली असते. काह्न आणि सहकारी या संशोधकांनी संगणकीय आरोग्य नोंदींचा दर्जा तपासण्यासाठी २०१६ मध्ये मांडलेल्या आराखड्यात नोंदीचा ठरलेल्या नमुन्याशी मेळ, तिची पूर्णता आणि संभाव्यता असे तीन निकष आहेत. परंतु अशी तारीख ठरलेल्या नमुन्यात असते, रकाना भरलेला असतो आणि ती अशक्यही वाटत नाही, त्यामुळे चुकीची असूनही ती तिन्ही निकषांतून सुटते. एकाच संध्याकाळी अर्ध्या तासात दहा-बारा जण दाखल झालेले दिसले, तर त्या दिवसाची नोंदवही काढून पाहावी. जन्मतारखेच्या १ जानेवारीचेही तसेच आहे: रुग्णाने सांगितलेल्या वयावरून वर्ष काढलेले असते आणि वय तर ४०, ४५, ५० असेच सांगितले जाते. म्हणून वयोगट रुंद ठेवावेत.

भातखाचर:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी असल्यास नाव, आडनाव आणि गाव जुळवून त्या एकत्र कराव्यात, असे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी सुचवले आहे. ते योग्य होईल का?

खाडीपलीकडे:
शहरात ते कदाचित चालेल. आपल्याकडे एकेक वाडी एकाच आडनावाची असते आणि त्यात त्याच नावाचे दोघे सहज सापडतात, त्यामुळे दोन चुलतभावांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) एकाच माणसाच्या नावावर जमा होईल. मोबाइल क्रमांकही घरात मिळून एकच असतो. उलट, इंग्रजीत सावंत हे आडनाव डब्ल्यूने आणि व्हीने असे दोन्ही प्रकारे लिहिले गेल्याने एकाच व्यक्तीची दोन माणसे होतात. माहेरच्या आणि सासरच्या नावाने आलेल्या स्त्रियांचेही तेच. चौदा अंकी आभा क्रमांक (आयुष्मान भारत डिजिटल अभियानातील व्यक्तीचा आरोग्य क्रमांक) नोंदवलेला असेल तिथे तो वापरावा, पण ते अभियान देशभर सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले आणि क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, त्यामुळे जुन्या नोंदींत तो मिळणार नाही. नाव, वय आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव यांवरून यंत्राने फक्त संशयित जोड्या काढून द्याव्यात, आणि प्रत्येक जोडी गावची माहिती असलेल्या आशाताईंनी किंवा आरोग्यसेवकाने रुग्णालयातच बसून, यादी बाहेर न नेता तपासावी.