नव्या इमारतींना गॅसचा पाइप द्यायचा की नाही, हे ठरवायचं कुणी?

खाडीकाठचा

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराच्या नगर परिषदेने जुलै २०१९ मध्ये एकमताने नियम केला: यापुढच्या नव्या इमारतींना नैसर्गिक वायूची जोडणी नाही. स्वयंपाक, अंघोळीचं पाणी, घर गरम ठेवणं, सगळं विजेवर. असं करणारं अमेरिकेतलं ते पहिलं शहर. कॅलिफोर्निया रेस्टॉरंट असोसिएशन कोर्टात गेली, एप्रिल २०२३ मध्ये अपिलात जिंकली आणि २०२४ मध्ये शहराने नियम मागे घेतला.

माझ्या मते नियम योग्यच होता. हवामानाचा मुद्दा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पैशाचं बोलतो. जमिनीतल्या पाइपांचा खर्च कित्येक दशकं ग्राहकांच्या बिलांतून वसूल होत राहतो. ऐपत असलेले हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारं विजेचं यंत्र) लावून निघून गेले की तेवढेच पाइप उरलेल्यांनी पोसायचे. उरणार कोण? भाडेकरू आणि हातावर पोट असलेले. मग आणखी नवे पाइप टाकायचेच कशाला?

फुलकेवाली

गरिबांचा एवढा कळवळा असेल तर कॅलिफोर्नियातला विजेचा दरही सांगा की. देशातल्या सर्वात महागड्या दरांपैकी एक. हीट पंप एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता देतो, मान्य. पण एक युनिट वीज तेवढ्याच ऊर्जेच्या गॅसच्या तिप्पटीहून महाग पडली की बचत संपली. आणि ऑक्टोबर २०१९ आठवा. वणव्याच्या धास्तीने उत्तर कॅलिफोर्नियात लाखो लोकांची वीज मुद्दाम तोडली होती. आम्ही काडी लावून निदान पिठलं-भात तरी शिजवला.

भरताचं वांगं भाजायचं कशावर, हे विचारतच नाही. तुम्ही ओव्हन म्हणाल.

खाडीकाठचा

ओव्हनच म्हणणार होतो :)

पिठलं-भात झाला, पण घर गरम होतं का? गॅसच्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, पंखा विजेवरच चालतो. पाणी तापवणाऱ्या, टाकी नसलेल्या नव्या गॅस हीटरलाही वीज लागते. दिवे गेले की नव्या गॅसवाल्या घरातही शेगडीच तेवढी उरते. आपत्तीचंच म्हणाल, तर २०१० चा सॅन ब्रुनोच्या गॅसवाहिनीचा स्फोट आठवा. ८ माणसं गेली, ३८ घरं जळून खाक.

कोपऱ्यातला_वकील

हेतूबद्दल तुमचं चालू द्या. शहर हरलं ते वाट चुकल्यामुळे. उपकरणांनी किती ऊर्जा वापरावी हे १९७५ च्या केंद्रीय कायद्याच्या अखत्यारीत येतं. शहराचं म्हणणं, आम्ही शेगडीला हात लावत नाही, फक्त पाइप देत नाही. न्यायालय म्हणालं, पाइप नाही म्हणजे शेगडी बंदच, हा आडून केलेला मज्जाव आहे. पण न्यूयॉर्क राज्याचा २०२३ चा तसाच कायदा तिथल्या केंद्रीय न्यायाधीशाने जुलै २०२५ मध्ये वैध ठरवला. तेव्हा प्रश्न मिटलेला नाही.

बे एरियाच्या (सॅन फ्रान्सिस्को-बर्कली परिसराच्या) हवा नियंत्रण मंडळाने धूर्तपणे दुसरी वाट धरली. मार्च २०२३ चा त्यांचा नियम असा: २०२७ पासून नवे छोटे वॉटर हीटर आणि २०२९ पासून फर्नेस, गॅस जळताना निघणारे नायट्रोजन ऑक्साइड न सोडणारेच विकायचे. पाइपचा उल्लेखही नाही. शेगडी तर सोडूनच दिली आहे, फुलकेवाली ताई निश्चिंत राहोत.

मीटर_पुण्याचा

तिकडे तुम्ही गॅसवर उठलात आणि इकडे तोच स्वच्छ इंधन म्हणून मिरवतोय! जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना गॅससारख्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पुण्यात सोसायटीत पाइप आला की लोक पेढे वाटतात, सिलिंडरची वाट पाहणं संपतं म्हणून.

खाडीकाठचा

लाकडापुढे गॅस स्वच्छच आहे, त्यावर वाद नाही. पण २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी घरोघरच्या शेगड्या मोजल्या, तेव्हा त्यांच्यातून निसटणाऱ्या मिथेनपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त शेगडी बंद असताना गळत होता. पेटवल्यावरचा नायट्रोजन डायऑक्साइड वेगळाच. लहान मुलं त्याच स्वयंपाकघरात अभ्यासाला बसतात.

फुलकेवाली

मग चिमणी लावा, खिडकी उघडा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्कलीतच मोठ्या इमारतींच्या गॅसवर कर बसवण्याचा प्रस्ताव मतदानाला आला होता. दणदणीत पडला. बर्कलीत! त्या गावाला कुणी तेलकंपन्यांचं समर्थक म्हणणार नाही.

कोपऱ्यातला_वकील

कराचा प्रस्ताव पडला तो इमारतीच्या आकाराच्या हिशेबामुळे. शाळा, नाट्यगृहं, छोट्या बेकऱ्याही कचाट्यात येतील म्हणून ओरड झाली होती. त्यावरून लोकांना गॅसच हवा, असं काढता येत नाही. कॅलिफोर्निया राज्याचा २०२४ चा कायदा मला जास्त बरा वाटतो. निवडक वस्त्यांत दोन तृतीयांश संमती मिळाली तर अख्ख्या गल्लीची गॅसवाहिनी बंद करून सगळ्यांना विजेवर न्यायचं, आणि जुने पाइप बदलण्याचे वाचलेले पैसे तिथेच वापरायचे. एकेक घर सुटं फुटण्यापेक्षा हे बरं.

खाडीकाठचा

+१. माझा पहिला मुद्दाही हाच होता.

फुलकेवाली

जुन्या गल्लीला विचारून करताय, तर माझी हरकत नाही. पण धागा नव्या इमारतींवर आहे. तिथे राहायला कुणी आलेलंच नसतं, मग संमती कुणाची घेणार? बिल्डरची? पाइपचा खर्च वाचतो म्हणून तो कधीच हो म्हणेल. विजेचं बिल त्याला थोडंच भरायचंय.