आई-अण्णा पहिल्यांदा पुण्यात येतायत, दोन दिवस कसे जमवू?

जिंतूरची_लेक
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई-अण्णांना पुणं दाखवायला आणतेय. रातची एसटी आहे, सकाळी शिवाजीनगरला उतरू. मुक्काम स्वारगेटजवळ. अण्णांचा गुडघा धरलेला असतो, जिने चढवत नाहीत. त्यांना शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस बघायचाय, आईला दगडूशेठ आणि तुळशीबाग. शेजारचे म्हणतात सिंहगडही करून टाका. दिवसभर रिक्षा परवडायची नाही. कसं करावं?

जुना_कंडक्टर
ताई, पुण्याच्या शहर बसला पीएमटी म्हणायचे तेव्हापासून मी कंडक्टर, पुढं तिची पीएमपी झाली तिथूनच रिटायर झालो. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे तुमची एसटी ज्या शिवाजीनगरला येईल ते वाकडेवाडीला आहे. मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी स्टँड तिकडं हलवला, गाड्यांवरचं नाव मात्र तेच राहिलं. जुन्या स्टँडच्या जागी आता शिवाजीनगर मेट्रो स्टेशन आहे. येताना फारसं अडत नाही, पण परतीला माणसं चुकतात. एकदा रात्रीच्या फेरीला एक आजी गाठोडं घेऊन जुन्या स्टँडपाशी उतरल्या. बीडची गाडी इथूनच, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. समोर कामाचे पत्रे आणि अंधार. त्यांना तसं सोडून बेल मारवेना. ड्रायव्हरला थांबवलं, आजींना रिक्षात बसवलं, रिक्षावाल्याला दोनदा बजावलं. तुम्हीही परतताना 'वाकडेवाडी' एवढंच म्हणा.

दुसरं, बसवरच्या पाट्या. 'मनपा' म्हणजे महानगरपालिका. तिथून नवा पूल ओलांडला की शनिवारवाडा. 'न. ता. वाडी' म्हणजे नरवीर तानाजी वाडी, ती शिवाजीनगरकडं. ही नावं गावाकडच्या माणसाला कोण सांगणार? कंडक्टरला विचारा, उतरायच्या आधी हाक मारायला सांगा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. आईंची अर्ध्या तिकिटाची सवलत एसटीतली आहे, ती पीएमपीत धरून चालू नका.

गुडघ्याचं दुखणं असेल तर मेट्रोच बरी, लिफ्ट आहेत. स्वारगेटला बसलात की पुढचंच स्टेशन मंडई. तुळशीबाग आणि दगडूशेठ दोन्ही तिथून जवळ. मंगळवार आणि संकष्टी टाळा, रांगेत अण्णांना उभं राहवणार नाही. मंडईच्या पुढचं स्टेशन कसबा पेठ, तिथून शनिवारवाड्याला जाता येतं. वाडा १८२८ च्या आगीत गेला. आता तटबंदी, दरवाजे आणि आतली जोती उरलीत. हे अण्णांना आधीच सांगून ठेवा, महाल बघायला आलेली माणसं फार हिरमुसतात. दिल्ली दरवाजा खालून डोळे भरून बघू द्या, वरच्या जिन्याला लावू नका.

धायरीकर
सिंहगड या खेपेला नकोच. गाडी घाटातून वर जाते हे खरं, पण वाहनतळापासून पुढं चढ आणि पायऱ्या आहेतच. पर्वतीच्याही १०३ पायऱ्या, तीही सोडा. पेठांत काही जुनी दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात. त्या वेळी आईंना घेऊन दारोदार हिंडू नका, जेवून पडा थोडं.

जिंतूरची_लेक
वाकडेवाडीचं खरंच माहीत नव्हतं काका, आभारी आहे. सिंहगड रद्द. आगाखानचं सांगा ना. अण्णा शाळेत शिपाई होते. दर २ ऑक्टोबरला गांधीजींच्या तसबिरीला हार घालायचं काम त्यांचं. त्यांनी स्वतः तोंडाने मागितलेली ही एकच जागा आहे.

जुना_कंडक्टर
मग ताई, दुसऱ्या दिवसाची सकाळ फक्त आगाखानला द्या. स्वारगेटहून जिल्हा न्यायालय स्टेशनला या. तिथं गाडी बदलते. खालची लाईन शंभर फुटांहून खोल आहे आणि दुसरी वर उन्नत आहे, म्हणून लिफ्ट लागेपर्यंत थांबा, गर्दीबरोबर सरकत्या जिन्याकडं जाऊ नका. रामवाडीकडची गाडी धरून कल्याणीनगरला उतरा. तिथून तेवढी रिक्षा कराच, पैसे इथंच खर्च करा.

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना इथं आणून ठेवलं. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई १५ ऑगस्टला, आठवड्याच्या आतच गेले. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला गेल्या. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत. आतल्या खोल्या बघून लोक तिथूनच परततात, समाध्यांपर्यंत जातच नाहीत. तुम्ही अण्णांना तिथं न्या. हार आदल्या दिवशी मंडईतून घेऊन ठेवा, ओल्या फडक्यात गुंडाळला की सकाळपर्यंत टिकतो. वाहायचा असेल तर तिथल्या माणसाला आधी विचारा.

जिंतूरची_लेक
अण्णांना वाचून दाखवलं. हार झेंडूचा घ्यायचा की मोगऱ्याचा, एवढंच विचारतायत.

जुना_कंडक्टर
झेंडूचा. प्रवासात मोगरा काळा पडतो.